एक परिच्छेद, दोन स्क्रू

परीक्षण लिहिण्यासाठी पुस्तक वाचावेच लागते असे नाही. माझ्या एकुलत्या एका पुस्तकावर तशी तीन परीक्षणे आली होती. पण आज ज्या पुस्तकाबद्दल लिहितो आहे ते मी खरोखर वाचले आहे. बॉनेटखाली मान घालून, तेलकट बोटांनी, एकच परिच्छेद चौदा वेळा.

पुस्तक म्हणजे आमच्या फियाटची माहितीपुस्तिका. पहिली सहा पाने उंदरांनी खाल्ल्यामुळे लेखक-प्रकाशकांची नावे देता येत नाहीत. त्यांनी उंदरांचे आभार मानावेत. गाडीच्या कागदांवर 'प्रीमियर पद्मिनी' असे भारदस्त नाव आहे, पण घरात तिला कोणी पद्मिनी म्हटल्याचे आठवत नाही. इंजिन १०८९ सी.सी., माहेर कुर्ल्याचे. तिच्या मुंबईतल्या काळ्यापिवळ्या बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आमची पुण्यात असते आणि इथल्या पेन्शनरांप्रमाणे सकाळी एक फेरफटका मारतेच.

गेल्या महिन्यात पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि मान हलवली. अशा जुन्या गाड्यांना आयडलिंगवर, म्हणजे गाडी नुसती उभी धडधडत असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत माफ असतो. आमचा आकडा ४.८. "काका, काढून टाका आता हिला," तो म्हणाला.

हे मी अप्पांना सांगितले नाही. गाडी अप्पांची. नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली. आता ते शहाऐंशीचे आहेत आणि ऐकू जवळजवळ येत नाही. आमचे जुने मिस्त्री गावी गेले. त्यांच्या मुलाने बॉनेट उघडून बराच वेळ शोध घेतला आणि विचारले, "काका, हिला कॉम्प्युटर कुठं जोडायचा?" तेव्हा मी पुस्तकाला शरण गेलो.

परिच्छेदाची सुरुवात चांगली आहे. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि मोठा जेट झोपलेला असतो. इंजिन जगते ते झडपेखालच्या बारीकशा भोकातून येणाऱ्या हवा-पेट्रोलवर. त्या भोकाच्या तोंडाशी एक टोकदार स्क्रू, तो मिक्श्चरचा. बाहेर काढला की पेट्रोल जास्त, आत घातला की कमी. दुसरा स्क्रू थ्रॉटलचा, वेग कमीजास्त करणारा. इंजिन नीट तापू द्या, चोक पूर्ण बंद करा, प्लग-पॉइंट आधी तपासा, मिक्श्चरचा स्क्रू कधीही आवळू नका, त्याचे टोक कायमचे बिघडते. इथवर भाषा प्रासादिक आहे.

आणि मग लेखक कच खातो. इंजिन एकसारखे चालू लागेपर्यंत स्क्रू फिरवा, एवढे सांगून तो पुढच्या प्रकरणाला निघून जातो. एकसारखे म्हणजे कसे? किती फेरे? हे 'चवीपुरते मीठ' झाले! ज्याला चव कळते त्याला पुस्तक कशाला, आणि ज्याला पुस्तक लागते त्याला चव कुठली? समासात मी पेन्सिलीने 'संदिग्ध' असा शेरा मारला.

शेरा मारून गाडी सुधारत नाही. स्क्रू आत घातला. इंजिन थंडी भरल्यासारखे कापले, ठसकले आणि बंद पडले. बाहेर काढला, ढब्-ढब् करत झोके घेऊ लागले आणि शेजारच्या दोरीवरच्या चादरींना धुराचा वास लागला. वेगाचा स्क्रू फिरवावा तर मिक्श्चरवाला रुसे. एकाला खूश केले की दुसऱ्याकडे माफी मागायला जावे लागे.

"अहो, अप्पा उठलेत," आतून आवाज आला. वळून पाहिले तर ते काठी टेकत आले होते. काही न विचारता त्यांनी मडगार्डवर हात पालथा ठेवला आणि डोळे मिटले.

"काढ बाहेर." काढला. "अजून." झोके सुरू झाले. "आता आत घाल. पाव फेरा. अजून पाव." इंजिन कापायला लागले. मी घाबरून थांबलो. "घाबरतोस कशाला? दोन्हीकडची चूक दिसल्याशिवाय मधलं कसं सापडेल? आता जरासा बाहेर. बस्स. रेस उतरव." रेस उतरवली, मिक्श्चर पुन्हा केसभर फिरवले. गाडी इतकी शांत झाली की बंद पडली असे वाटून मी चावीकडे धावलो.

त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "अप्पा, कळलं कसं तुम्हाला?"

"त्यात कळायचंय काय? एकसारखी चालतेय की!"

दुपारी यंत्राने २.४ दाखवले. सहा महिने मिळाले. पीयूसीची पावती मी अप्पांना दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "मागच्या वेळचीही दाखवायची होतीस." सीटखाली ठेवलेली पावती त्यांना केव्हाच सापडली होती.

समासातला शेरा मी खोडून टाकला आहे. त्या जागी दुसरा शब्द घालून पाहिला, सुचला नाही. पुस्तक संग्राह्य आहे. एकच उणीव: सोबत अप्पा लागतात, आणि ते वेगळे मिळत नाहीत.