१६० चौरस फूट आणि पांढऱ्या भिंतीचा उपदेश

नवरात्र सरले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत घरसजावटीचे लेख येऊ लागतात. त्यांतला एक उपदेश इतकी वर्षे न बदलता छापला जातो आहे की, तो आला कुठून हे विचारायचेही कुणाला सुचत नाही. घर लहान असेल तर भिंतींना फिका रंग द्या, शक्यतो पांढरा. खिडकीसमोर आरसा लावा. सामान कमी करा. म्हणजे खोली मोठी दिसेल. प्रस्तुत लेखात मला या उपदेशाची समीक्षा करायची आहे. सजावटीच्या मजकुराला समीक्षेचा मान कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या मजकुरावर विसंबून माणसे दिवाळीच्या बोनसचा मोठा हिस्सा भिंतींवर घालतात, तो तपासून पाहणे गैर नाही.

हा उपदेश खोटा आहे, असे माझे म्हणणे नाही. फिका रंग अधिक प्रकाश परावर्तित करतो. छत आणि भिंती फिक्या असल्या की खोली अधिक उंच भासते, असे जर्मनीतील माइंझ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही दिसले. प्रश्न असा की, लहान घरात राहणाऱ्याला उंची कमी पडते का? त्याला कमी पडते ती जमीन. रात्री सहा अंथरुणे टाकायची असतात, सातव्या माणसाची नोकरी रात्रपाळीची असते, आणि एका मुलीची दहावी असते. या घरात डोळ्याला मिळालेली उंची पाठीला मिळत नाही. खोली लहान असणे ही दृष्टीची अडचण आहे असे उपदेश धरून चालतो. राहणाऱ्यांच्या लेखी ती वाटणीची अडचण असते. कोण कुठे, कधी आणि किती वेळ, हा तिथला खरा हिशेब. रंगाचा विचार या हिशेबापासून सुरू व्हायला हवा, आणि तसा तो झालाही आहे. फक्त पुरवण्यांनी त्याची दखल घेतलेली नाही.

पांढऱ्या भिंतीचा आग्रह धरणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज ल कॉर्बुझिए या वास्तुकाराचा. १९२५ साली सजावटकलेवरील आपल्या पुस्तकात त्याने एक 'कायदा' सुचवला: प्रत्येक नागरिकाने घरातले भरजरी पडदे आणि नक्षीचे भिंतकागद काढून टाकावेत आणि भिंतीला पांढऱ्या रिपोलिनचा, म्हणजे त्या काळच्या फ्रान्समधल्या प्रसिद्ध एनॅमल रंगाचा, हात द्यावा. त्याच्या मते पांढऱ्या भिंतीवर धूळ लपत नाही, अंधारे कोपरे उरत नाहीत आणि माणूस मनानेही स्वच्छ होतो. म्हणजे मुळात हा जागा मोठी दिसण्याचा मुद्दाच नव्हता. तो आरोग्याचा आणि नीतीचा होता.

मुंबईला हा विचार परका नाही. १८९६ साली प्लेग आला तेव्हा घरे धुऊन काढणे आणि भिंतींना चुना मारणे हा सरकारी उपायांचा भाग होता. चुना जंतू मारतो म्हणून, आणि भिंत पांढरी झाली की तपासणी सोपी होते म्हणून. आपल्याकडच्या पांढऱ्या भिंतीमागेही अशी एक आज्ञा उभी आहे. पुढे त्या चुन्यात चिमूटभर नीळ घालून लोकांनी तिला घरगुती केले, ही गोष्ट वेगळी.

ल कॉर्बुझिएने स्वतः हा 'कायदा' पाळला का? त्याच वर्षी पूर्ण झालेल्या पॅरिसमधील ला रॉश घराच्या आतल्या भिंती अनेक रंगांच्या आहेत. १९३१ साली त्याने साल्युब्रा या भिंतकागदाच्या कंपनीसाठी ४३ छटांचा संग्रह केला, १९५९ साली आणखी २० छटांचा. निळा रंग भिंतीला मागे ढकलतो, तांबडा तिला जागच्या जागी रोवतो, असा त्याचा सिद्धांत होता. बोर्दोजवळच्या पेसाक येथे ऑन्री फ्रुजेस या साखर कारखानदारासाठी त्याने १९२६ पर्यंत सुमारे ५० लहान घरांची कामगार वसाहत बांधली. घरे दाटीवाटीची वाटू नयेत म्हणून काही भिंती फिक्या निळ्या, काही हिरव्या, काही विटकरी रंगवल्या. राहायला आलेल्यांनी हळूहळू रुंद खिडक्या लहान केल्या, सपाट गच्च्यांवर उतरती छपरे चढवली, खालच्या मोकळ्या जागा बंद करून खोल्या काढल्या. १९६९ साली फिलिप बूदाँ यांनी या बदलांवर अख्खे पुस्तक लिहिले. मुंबईत गॅलरी बंद करून खोली काढणाऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. वसाहत मोकळी दिसत होती, पण घरात मोकळे होता येत नव्हते.

आता याच काळातले दुसरे घर पाहू. नेदरलँड्समधील युट्रेख्त शहरात खेरिट रीटफेल्ट यांनी १९२४ साली त्रुस श्र्यॉडर या विधवा बाईसाठी एक लहान घर बांधले. बाईंना तीन मुले होती आणि मुलांपासून दूर, वेगळ्या मजल्यावर राहायचे नाही, हा त्यांचा हट्ट. म्हणून वरचा मजला दिवसा एकसंध आणि रात्री सरकत्या फळ्यांनी खोल्या पडणारा झाला. अशा खोल्या बांधकामाच्या नियमात बसेनात, तेव्हा नकाशात तो मजला माळा म्हणून दाखवला गेला. प्रत्येक खोलीला स्वतःचे पाणी असावे हीदेखील बाईंची सूचना. या घराचे रंग फार प्रसिद्ध आहेत. तांबडा, निळा, पिवळा म्हटले की अभ्यासकांना चित्रकलेतली चळवळ आठवते. मला मात्र तिथली जमीन महत्त्वाची वाटते. वरच्या मजल्याच्या जमिनीवर तांबडा, करडा, काळा, पांढरा असे पट्टे आहेत. फळ्या सरकवून मजला मोकळा केला, तरी कोणती जागा कुठे संपते हे पायाखालून कळत राहते. भिंत दिवसा नाहीशी होते, तिची आठवण रंगाने ठेवलेली असते. इथे रंग जागा वाढवत नाही. ती वाटून देतो. बाई या घरात १९८५ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिल्या. लहान घराच्या रचनेला याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणते?

तिसरे उदाहरण पुन्हा ल कॉर्बुझिएचे, आणि ते मुंबईच्या फार जवळ येऊन ठेपते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रुन येथे १९५२ साली त्याने स्वतःसाठी एक लाकडी खोली उभारली. आतील माप ३६६ सेंटिमीटर गुणिले ३६६ सेंटिमीटर, उंची २२६. अरुंद प्रवेशमार्ग सोडला तर क्षेत्रफळ भरते १३.४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४४ चौरस फूट. २०१६ साली ही खोली जागतिक वारशाच्या यादीत गेली. पिवळी जमीन, छताला वेगवेगळ्या रंगांचे तक्ते, प्लायवूडच्या भिंती, प्रत्येक वस्तूला नेमकी जागा: लहान जागेच्या आराखड्याचा आदर्श म्हणून ती जगभर शिकवली जाते.

आता बीडीडी चाळीची खोली घ्या. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधोमध बोळ, सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. वारसायादीतल्या खोलीपेक्षा ही १६ फुटांनी मोठीच!

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. रोकब्रुनच्या खोलीत स्वयंपाकघर नाही, कारण भिंतीत दार होते आणि पलीकडे खानावळ होती. पुढे कामासाठी शेजारी आणखी एक छोटी शेड आली. राहणारे एक जोडपे, तेही सुटीपुरते. सामान कमी ठेवा, हा सल्ला तिथे सहज पाळता येतो, कारण उरलेले सामान आणि उरलेले आयुष्य पॅरिसच्या घरात असते. बीडीडीच्या खोलीत उरलेले काहीच नसते. चूल, मोरी, देव, पाळणा, ट्रंका, गावाहून आलेला पाहुणा, सगळे त्याच १६० फुटांत. मधल्या बोळामुळे उजेड फक्त एका बाजूच्या खिडकीतून. जयंत पवार यांच्या 'अधांतर'मधले गिरणी कामगाराचे कुटुंब अशाच चाळीतल्या खोलीत आपसांत भांडते आणि एकमेकांच्या नजरेआड जायला त्यांना जागा नसते. नाटकाचा ताण बराचसा या क्षेत्रफळातून येतो.

रोकब्रुनची आणखी एक बाजू सांगायला हवी. ही खोली जिथे आहे तिथून खालीच आयलीन ग्रे या वास्तुकार बाईंनी १९२९ साली पुरे केलेले 'ई-१०२७' हे घर आहे. लहान जागेत राहण्याचा बारकाईने विचार त्यांनी केला होता: घडीचे, सरकते, उंची बदलणारे सामान, आणि कुठे काय ठेवायचे हे सांगणारी अक्षरे भिंतींवर व कपाटांवर स्टेन्सिलने उमटवलेली. हीदेखील वाटणीच. ल कॉर्बुझिएने १९३८-३९ मध्ये, ग्रे यांना न विचारता, त्या घराच्या भिंतींवर मोठमोठी चित्रे काढली. सर्वांनी भिंती पांढऱ्या कराव्यात असे लिहिणाऱ्याने दुसऱ्याची भिंत रंगवून टाकली. ग्रे यांना तो घरावरचा हल्ला वाटला. भिंतीचा रंग कुणी ठरवायचा, हा प्रश्न त्या रंगाच्या छटेहून मोठा आहे, हे या प्रसंगातून स्वच्छ दिसते.

गिरणगावातल्या खोल्यांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑइलपेंट, बहुधा हिरवा, निळा किंवा तपकिरी. त्याच्या वर डिस्टेंपर किंवा निळीचा चुना. शाळा आणि सरकारी कचेऱ्यांतही हीच पद्धत असल्यामुळे सुशिक्षितांनी तिला कायम कुरूप मानले. पण पद्धत पाहा. जिथपर्यंत हात पोचतो, जिथे जमिनीवर बसलेला माणूस तेल लावलेले डोके टेकतो, जिथे मूल पेन्सिलीने रेघोट्या मारते आणि मोरीचे पाणी उडते, तिथे ओल्या फडक्याने पुसता येईल असा गडद रंग. त्याच्या वर, जिथे कुणी पोचत नाही आणि खिडकीचा उजेड परतून यायला हवा, तिथे फिका रंग. एकाच भिंतीवर राबणारा भाग आणि उजळणारा भाग वेगळे केलेले. याखेरीज जुन्या लुगड्याचा पडदा, कपाटाची पाठ, पोटमाळ्याची कड, देव्हाऱ्यामागचा रंग. थोरल्याचे लग्न झाले की पडद्याची जागा हलते आणि खोली नव्याने वाटली जाते. माझ्या मते ही युट्रेख्तच्या जमिनीइतकीच विचारपूर्वक केलेली रचना आहे. फरक एवढाच की तिच्यावर कुणाची सही नाही.

पांढऱ्या भिंतीच्या उपदेशात न छापलेली एक ओळ या अर्ध्या भिंतीमुळे वाचता येते. पांढरी भिंत पांढरी ठेवावी लागते. रंगाऱ्याचा हिशेब एकदाच चुकता होतो. नंतर रोज पुसण्याचे काम घरातल्या बाईकडे येते आणि मुलांना 'भिंतीला टेकू नका' असे सांगण्याचेही. १६० फुटांत टेकायचे नाही तर बसायचे कुठे?

हा वाद आज काढण्याचे कारण आहे. बीडीडी चाळी पाडून म्हाडा तिथे मनोरे उभारत आहे. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते आहे, आणि वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. शंभर वर्षांनी मिळालेल्या या जागेचा आनंद खरा आहे आणि तिच्यावर नाक मुरडण्याचा अधिकार मोठ्या घरात राहणाऱ्या कुणालाही नाही. संडास घरात आला, हीच केवढी गोष्ट! पण ५०० फुटांतही तीन पिढ्या राहणार आहेत. त्यांच्यापुढे नमुना म्हणून येते ते बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटचे चित्र: पांढऱ्या भिंती, आरसा, आखूड पलंग, रिकामा ओटा. २०१६ च्या रेरा कायद्याने क्षेत्रफळ सुपर बिल्टअपमध्ये फुगवून विकण्याला आळा घातला. विक्री चटई क्षेत्रावरच व्हायला हवी असे ठरले. कागदावरची फसवी वाढ कायद्याने थांबवली. भिंतीवरची मात्र आपण अजून पैसे देऊन करवून घेतो.

म्हणून रंगाचे कार्ड उघडण्याआधी घरातल्या सर्वांनी बसून काही गोष्टी ठरवाव्यात, असे मी सुचवतो. रात्री कोण कुठे झोपते, दिवा उशिरापर्यंत कुणाला लागतो, दुपारी अंधार कुणाला हवा, कोणत्या भिंतीला टेकायचे, कोणती पुसायची आणि कोण पुसणार. ज्या कोपऱ्यात मुलगी अभ्यासाला बसते तो वेगळ्या रंगाचा करायला एक डबा रंग पुरतो; पण त्या रंगाने तो कोपरा तिचा आहे हे घराने मान्य केलेले असते, आणि तिथे दुसऱ्याचे सामान ठेवताना माणूस क्षणभर थांबतो. आजोबांच्या पलंगामागची भिंत गडद असेल, तर तिथे तेलाचा डाग पडला म्हणून त्यांना कुणी बोलणार नाही. उरलेल्या भिंती फिक्या असाव्यात, छत पांढरे असावे. उजेड सर्वांना हवाच असतो.

आणि जुनी खोली सोडताना तिचा एक फोटो भिंतीजवळ जाऊन काढावा. पोपडा निघालेल्या जागी रंगाचे थर एकाखाली एक दिसतात. कोणत्या वर्षी कोणता रंग, कुणाच्या लग्नाच्या वेळी, कुणाच्या पसंतीने, हे सांगणारी माणसे अजून आहेत. २०७ इमारतींतल्या भिंती गेल्यावर लहान जागेत राहण्याचा हा शंभर वर्षांचा अभ्यास फक्त त्यांच्या बोलण्यात उरेल. तो लिहून घेणे हे पुरवण्यांचे काम होते. त्यांनी केले नाही, तर ते आपण करावे.