क्रियापद 37

आमच्या घरातून चंद्रापर्यंत जाऊन आलेली मी पहिलीच. तेही बेळगावातून, जेवणाच्या टेबलावरून, मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर. चेष्टा पुरे, कारण या खेळाबद्दल मला खरंच काही सांगायचं आहे.

खेळाचं नाव ऑर्बिटर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डॉ. मार्टिन श्वाइगर यांनी तो 2000 साली फुकट खुला केला. पुढे काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं खपून त्याला अपोलोची यानं जोडली. मी त्यातली अपोलो 8 ची मोहीम घेतली. डिसेंबर 1968. फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स. माणसं पहिल्यांदाच चंद्रापाशी पोचली, उतरली नाहीत, दहा प्रदक्षिणा घालून परत आली. मला उतरण्याचा थरार नकोच होता. जाणं आणि परत येणं पाहायचं होतं.

या प्रतिकृतीचं सगळ्यात मोठं श्रेय म्हणजे तिच्यातला संगणक. यंत्र नकली, पण त्यावर चालतो तो एमआयटीत लिहिलेला त्या काळचाच प्रोग्रॅम. पुसून पुन्हा लिहिता येईल अशी त्याची स्मृती फक्त 2,048 शब्दांची. कायमची स्मृती 36,864 शब्दांची, आणि ती चक्क ओवलेली: बारीक चुंबकी कड्यांतून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. ओवणाऱ्या कारखान्यातल्या बायका. वडगाव-खासबागचे माग लहानपणापासून पाहिलेत, त्यामुळे हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

आणि कळफलकावर काय, तर क्रियापद आणि नाम! काय करायचं ते क्रियापदाच्या आकड्याने सांगायचं, कशाचं ते नामाच्या. बी.ए.ला मराठी घेतल्याचा इतक्या वर्षांनी उपयोग झाला. फक्त आपलं क्रियापद शेवटी येतं, तिथे ते आधी. माझं बोट सारखं नामाकडे जायचं.

आता तक्रार. टी हे अक्षर दाबलं की काळ दहापट वेगाने पळतो. पुन्हा दाबलं की शंभरपट. जायला तीन दिवस लागले होते. मी भाजी चिरून होईतो पोचले. एफ-1 दाबलं की आपण यानाच्या बाहेर, हवं तिथून हवं ते बघा. ही सोय मला मुळावर घाव वाटते. अँडर्सने क्षितिजावरून वर येणाऱ्या पृथ्वीचा तो फोटो काढला तेव्हा तिघं खालचा चंद्र न्याहाळत होते. चौथी प्रदक्षिणा चालली होती, यान कलत होतं, आणि खिडकीत अचानक पृथ्वी आली. मी एफ-1 दाबून पृथ्वी आधीच पाहून ठेवली. सुंदर होती. पण आली नाही, मी तिला गाठलं. याला प्रतिकृती म्हणायचं?

तसंच चंद्रामागचं. तिथे गेलं की पृथ्वीशी बोलणं बंद, आणि चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी इंजिन पेटवायचं तेही त्याच आडोशाला, चार मिनिटांहून थोडं जास्त. इकडे ह्यूस्टनमध्ये नुसतं घड्याळाकडे बघत बसायचं. खेळात ते बघत बसणं कुणाच्याच वाट्याला येत नाही.

मग मी परतीच्या वाटेवर ती चूक मुद्दाम केली.

क्रियापद 37 म्हणजे प्रोग्रॅम बदल. लव्हेलला 01 क्रमांकाचा तारा हवा होता, बोटांनी मागितला 01 क्रमांकाचा प्रोग्रॅम. तो उड्डाणापूर्वीचा. संगणकाने निमूट ऐकलं, आणि चंद्राहून परतणारं यान आपण अजून फ्लोरिडात तळावरच उभे आहोत असं धरून चाललं. याची सूचना आधी मिळाली होती. मार्गारेट हॅमिल्टन या प्रोग्रॅमवर काम करत. त्या लहान मुलीला कामावर घेऊन येत. मुलीने तिथल्या सरावाच्या यंत्रावर खेळता खेळता हीच बटणं दाबून सगळं बंद पाडलं. हॅमिल्टनबाईंनी या चुकीला अटकाव घालू म्हटलं. उत्तर आलं, अंतराळवीर अशी चूक करणारच नाहीत.

माझ्या पडद्यावरही तेच झालं. दिशा हरवल्याचा दिवा लागला.

माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं निपाणीत होत्या. म्हणजे होत्या आमच्याच घरात, पण निपाणीत, माहेरी, लग्नाआधीच्या. ऊन उतरलं की उठायच्या, "दिवस बुडायच्या आत जेवाय पायजे, आई वाट बघत असंल." आम्ही सुरुवातीला त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचो, हे बेळगाव, हे तुमचं घर, हा तुमचा नातू. नंतर सांगायचं सोडलं. ताट वाढून द्यायचो.

"आई, काय करालीस गं अजून?" मुलगा पाणी प्यायला उठला होता. पडदा बघून म्हणाला, "अगं, मागचं सेव्ह केलेलं उघड की. दोन सेकंदांचं काम."

या खेळाचा खरा दोष तो हाच, आणि तो बिचाऱ्याला दोष वाटतही नाही. मी नाही उघडलं. लव्हेलने राजन्य आणि व्याध या दोन ताऱ्यांवर नेम धरून यानाला त्याची दिशा परत सांगितली, मीही तेच धरले. राजन्य लवकर सापडला. व्याध म्हणजे शिकारी, आमच्या घरात त्याला फारसा मान नाही, पण त्या रात्री मी त्याच्यासाठी सव्वा तास बसले. टी दाबलं नाही. दोनदा नेम हुकला, एकदा पुन्हा नामाचं बटण आधी दाबलं. साडेबारानंतर कधीतरी तो दिवा विझला.