पाऊस दोनदा येणारे सूत्र

य = प × (प − १७.८) ÷ २५४.

'प' म्हणजे वर्षाचा पाऊस आणि 'य' म्हणजे त्यातून ओढ्या-नद्यांना मिळणारा येवा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. सर क्लॉड इंग्लिस आणि डिसूझा यांनी पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणी मोजलेल्या प्रवाहांवरून १९२९ साली मांडलेले हे सूत्र छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीकराने सावकाश वाचावे. घाटापलीकडच्या आपल्या पठाराचा स्वभाव त्यात नेमका उतरला आहे.

त्यातले आडनिडे आकडे मुळात इंच आहेत. १७.८ म्हणजे ७ इंच, २५४ म्हणजे १०० इंच. कंसातली वजाबाकी जमिनीचा पहिला हक्क मान्य करते: तापलेली काळी माती, तिच्या भेगा, कोरडे पडलेले नाले यांची तहान भागल्यावरच हिशेब सुरू होतो. खरे सौंदर्य कंसाबाहेरच्या 'प'मध्ये आहे. पाऊस इथे दोनदा येतो. तो वाढला की वाहणारे पाणी वाढते आणि पावसातला त्याचा वाटाही वाढतो. भिजलेल्या रानावर पडलेली सर अधिक वाहते, हे शेतकऱ्याचे शहाणपण एका गुणाकारात मावले आहे.

आता त्यात आपला पाऊस घालू. मुकुंदवाडीला लागून असलेल्या चिकलठाण्याच्या वेधशाळेची वार्षिक सरासरी सुमारे ७० सेंटिमीटर. उत्तर येते १४.४, पावसाचा जेमतेम पाचवा हिस्सा. समजा पर्जन्यमापकाने दहा टक्के पाऊस कमी दाखवला. ६३ घातले की उत्तर ११.२ वर येते. पावसातली दहा टक्क्यांची चूक येव्यात बावीस टक्क्यांची झाली. पाऊस दोनदा येतो, म्हणून चूकही दोनदा येते.

इंग्लिस-डिसूझा जोडीचेच घाटासाठीचे सूत्र शेजारी ठेवावे: ०.८५ × प − ३०.५. तिथे ३०० सेंटिमीटरऐवजी २७० धरले, तर येवा सुमारे अकराच टक्क्यांनी घटतो. घाट चूक पचवतो, पठार ती फुगवते. जिथे पाऊस तुटपुंजा, तिथे मोजणी जास्त काटेकोर हवी, हा या दोन ओळींचा गाभा आहे.

ही चूक शिरते कुठून? प्रचलित साध्या पर्जन्यमापकाचे तोंड अवघे २०० चौरस सेंटिमीटर, काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, नोंद सकाळी साडेआठची. जवळचा अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. पण शेजारी झाड वाढते, इमारत उठते, वारा थेंब पळवतो, आणि मापक दरवर्षी थोडा कमी पाऊस सांगू लागतो. नोंदवहीतली रिकामी जागा कुणी शून्य म्हणून भरतो. तीन दिवसांचा वीस-वीस मिलिमीटर पाऊस एकाच दिवशी साठ म्हणून लिहिला जातो. वार्षिक सूत्र ही शेवटची चूक माफ करते, कारण बेरीज तीच राहते. रोजच्या पावसावर चालणारे आजचे संगणकी प्रारूप मात्र तिथे फसते. वीस-वीस मिलिमीटर माती पिऊन टाकते, साठ वाहू लागतात. मोजलेल्या प्रवाहाशी उत्तर जुळावे म्हणून मग मातीचे गुणांक बदलले जातात. आलेख जुळतो, पाणलोट चुकीचा समजतो.

सूत्राची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याला पाऊस एकच आकडा म्हणून हवा असतो, आणि नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, २१,७५० चौरस किलोमीटरच्या पाणलोटात तसा एक पाऊस पडतच नाही. एकट्या अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला पाच मीटरच्या घरात, तर अकोले गावाला अर्ध्या मीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या नळाचे पाणी पैठणहून येते, पण मुकुंदवाडीवर पडलेली सर सुखना नदीतून दुधनेत, तिथून पूर्णेत जाते. नाथसागराला ती भेटत नाही. म्हणून चिकलठाण्याची नोंद कितीही चोख असली, तरी आपल्या नळाचे भविष्य घाटमाथ्यावरच्या मोजक्या मापकांवर ठरते. 'महावेध' प्रकल्पाने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आणली, हे मोठे काम आहे. तरी मंडळाची हद्द महसुलासाठी आखलेली असते, पाणलोटाची रेघ डोंगराच्या धारेवरून जाते.

गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर १५ ऑक्टोबरचा जायकवाडीतला ६५ टक्के साठा हा नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यातल्या वादाचा आकडा झाला. धरणातला साठा मोजता येतो. पुढच्या वर्षीचा येवा मात्र जुन्या नोंदींवरूनच अंदाजावा लागतो. त्यामुळे येव्याचा प्रत्येक आकडा मांडताना त्यामागचे मापक किती, ते कुठे आहेत, कोणत्या नोंदी गाळलेल्या किंवा भरून काढलेल्या आहेत, हेही त्याच पानावर छापले पाहिजे. जवळपास शंभर वर्षांचे हे सूत्र चुकीची किंमत लपवत नाही, म्हणून ते मला थोर वाटते. नवी प्रारूपे त्याहून पुष्कळ सूक्ष्म आहेत. त्यांनी हा प्रामाणिकपणाही उचलावा.