सातबारा कुणासाठी लिहिलेला असतो?

शाळेत आपण मुलांना कोष्टके वाचायला शिकवतो. पावसाचे कोष्टक, लोकसंख्येचे कोष्टक, रेल्वेचे वेळापत्रक. पण खेड्यातल्या घरोघरी जपून ठेवलेले जे कोष्टक असते, ते वाचायला कुणी शिकवत नाही. ते म्हणजे सातबाराचा उतारा. छापील नमुना कसा आखावा, त्यातली माहिती वाचणाऱ्याला कशी कळावी, याचेही एक शास्त्र आहे. त्या दृष्टीने आम्ही या उताऱ्याचे परीक्षण करणार आहोत. उदाहरणादाखल मुळशी तालुक्यातल्या माले गावची एखादी जमीन डोळ्यांपुढे ठेवू. मुळशी धरणाच्या परिसरातले हे गाव. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, तो याच मुलखात. पुढे पुणे शहर वाढत जवळ आले आणि भातखाचरांना व वरकस उतारांना गिऱ्हाइके येऊ लागली. अशा ठिकाणी कागद चुकीचा वाचला गेला, तर नुकसान पिकाचे नव्हे, जमिनीचेच होते.

महसुली हिशेबासाठी गावपातळीवर एकूण २१ नमुने आहेत. त्यांतला सातवा हक्कांचा आणि बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. हे नमुने तलाठ्याच्या दप्तरासाठी तयार झाले आणि दप्तर सांभाळणाऱ्याला सोयीचे शब्द त्यांत रुजले. ‘पो.ख.’, ‘फे.फा.’ ही अक्षरे तलाठी दिवसातून पन्नास वेळा वाचतो. शेतकरी पाच-दहा वर्षांतून एकदा. पहिल्याला संक्षेपाने वेळ वाचतो, दुसऱ्याला पोटखराब आणि फेरफार यांतले काहीच कळत नाही.

सर्वांत फसवा शब्द मात्र पूर्ण लिहिलेला आहे. ‘क्षेत्र’ या रकान्याशेजारी ‘आकार’ असा रकाना असतो. आपल्या रोजच्या मराठीत आकार म्हणजे वस्तूचा घाट किंवा लहानमोठेपणा. इथे त्याचा अर्थ जमिनीवर बसवलेला सारा, म्हणजे रुपये आणि पैसे! क्षेत्राला लागूनच हा आकडा आल्यामुळे तो जमिनीच्या मापाचाच भाग समजला गेला, तर वाचणाऱ्याला दोष कसा द्यावा? अवघड शब्द आला की माणूस थांबून विचारतो. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने आला की तो विचारीतही नाही.

आता क्षेत्राचा आकडा पाहू. समजा, तिथे १.२०.०० असे लिहिले आहे. याचा अर्थ १ हेक्टर २० आर ० चौरस मीटर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. पण घरातले वडीलधारे एकर-गुंठ्यात बोलतात. त्यांनी हे १ एकर २० गुंठे असे वाचले, तर होतात ६० गुंठे, म्हणजे सुमारे ६,०७० चौरस मीटर. प्रत्यक्षात जमीन त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तीन एकरांना साधारण दीड गुंठा कमी!

ही चूक सहज का होते, हे गणिताच्या शिक्षकांनी जरूर पाहावे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही जवळपास सारखे. त्यामुळे ०.२०.०० या तुकड्याला कुणी वीस गुंठे म्हटले तर बिघडत नाही, आणि वाचण्याची रीत बरोबर आहे असा विश्वास बसतो. फसगत पहिल्या टिंबाच्या डावीकडे असते. हेक्टरात १०० आर असतात, एकरात ४० गुंठे. हेक्टर-आरमधले पहिले टिंब खरोखर दशांशचिन्ह आहे. एकर-गुंठ्यांमधले टिंब नुसते विभाजक आहे. ‘१ हेक्टर २० आर’ असे अक्षरी लिहायला कागद कितीसा जास्त लागेल?

शासनाने २०२० मध्ये या नमुन्यात सुधारणा केल्या आणि त्या चांगल्या आहेत, हे सांगायलाच हवे. पूर्वी खाते क्रमांक खातेदाराच्या नावापासून दूर, ‘इतर अधिकार’ या रकान्यात असे. आता तो नावाच्या आधी येतो. दोन खात्यांमध्ये तुटक रेषा असते. एकमेकांजवळच्या वस्तू डोळा एका गटात धरतो, हे माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच मांडले होते. पूर्वी मृत खातेदाराचे नाव किंवा फिटलेल्या कर्जाची नोंद कंसात टाकत. कंस म्हणजे ‘रद्द’ हे बाहेरच्याला कसे कळावे? शाळेत तर कंसातले आधी सोडवा असे शिकवतात. आता त्या नोंदीवर आडवी रेघ असते. आम्हाला सर्वांत आवडलेली सुधारणा फारच साधी आहे. एखादा फेरफार प्रलंबित नसेल, तर तसे स्पष्ट लिहिलेले असते. रिकाम्या रकान्याचे दोन अर्थ होतात, काही नाही किंवा कुणी भरले नाही. ‘नाही’ या शब्दाचा एकच होतो.

मात्र ‘भोगवटादार वर्ग-२’ तसाच राहिला. या जमिनीचे हस्तांतरण सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून करता येत नाही, ही घेणाऱ्या-देणाऱ्याच्या दृष्टीने कागदावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती नुसत्या ‘२’ या अंकात लपलेली आहे.

संकेतस्थळावर उतारा मिळू लागल्याने हेलपाटे वाचले. पण तिथेही शोध सुरू होतो तो जिल्हा, तालुका, गाव निवडून सर्व्हे किंवा गट क्रमांक भरण्यापासून. जिथे एकत्रीकरण योजना झाली, तिथे जुन्या कागदावरचा सर्व्हे क्रमांक वेगळा आणि आताचा गट क्रमांक वेगळा. एकाच चौकटीत दोन्ही विचारले, तर जुना क्रमांक भरणाऱ्यापुढे दुसऱ्याचीच जमीन उभी राहू शकते. नावावरून शोधण्याची सोय आहे, पण नोंदीतले ऱ्हस्व-दीर्घ आपल्या लिहिण्याशी जुळायला हवेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करण्याची पद्धत सुरू झाली. भरणारा बदलला, तर प्रश्नांची भाषाही त्याचीच हवी.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. एका उताऱ्यावरची नावे झाकून त्याच्या प्रती काढाव्यात. आठवी-नववीच्या मुलांनी त्या पाच मोठ्या माणसांना दाखवून तीनच प्रश्न विचारावेत: जमीन किती एकर आहे? ती परवानगीशिवाय विकता येईल का? ‘आकार’ रकान्यात काय लिहिले आहे? उत्तर चुकले तर माणसाला दुरुस्त करू नये. कागदावर नेमके कुठे बोट ठेवून त्याने ते उत्तर दिले, तेवढे वहीत टिपावे. मग मुलांनी त्याच मापाच्या कागदावर सातवा नमुना स्वतः आखावा आणि तो आणखी पाच जणांना दाखवून हेच प्रश्न पुन्हा विचारावेत.