‘मी तलाव बोलतोय’ : छोट्या ॲनिमेशनपटाची गोष्ट कुठे अडते?



आजचं बोलणं कथाकल्पनेबद्दल आहे, तंत्राबद्दल नाही. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, कॅमेरा कसा बांधावा, कटआउट करावं की मातीच्या बाहुल्या, याची माहिती आता भरपूर मिळते आणि ती बरीचशी बरोबरही असते. कथेपाशी आलं की मात्र ‘कथा दमदार हवी’ एवढं सांगून सगळे मोकळे होतात. दमदार म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. आम्ही आज त्याच अडचणीच्या जागी थोडा वेळ थांबणार आहोत, आणि उदाहरणं शक्यतो आपल्या भंडारा जिल्ह्यातली घेणार आहोत.

तीन-चार मिनिटांच्या ॲनिमेशनपटासाठी कल्पना मागितली की आपल्याकडून सर्वांत आधी येतं ते जिल्हादर्शन. तलाव, धान, पितळेची भांडी, मोहाडी-आंधळगावचा कोसा, पवनीचा स्तूप, अंबागडचा किल्ला, कोक्याचं जंगल. सगळं खरं आहे, सगळ्याचा अभिमान वाटावा असंच आहे. पण ही यादी झाली. यादीला शेवट नसतो, ती नुसती थांबते. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्याचं नाव आम्ही ‘आत्मवृत्त’ ठेवलंय. ‘मी तलाव बोलतोय’, ‘मी वैनगंगा बोलतेय’, ‘पितळी गुंडाचं मनोगत’. शाळेत आपण सगळ्यांनी फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहिलेलं आहे, दहापैकी सात गुण घेतलेले आहेत, आणि ती सवय हातात मुरलेली आहे. ॲनिमेशन म्हटल्यावर ती सवय उसळून वर येते, कारण वाटतं की निर्जीव वस्तूला बोलतं करणं म्हणजेच ॲनिमेशन. तलावाला डोळे काढले, तोंड काढलं, मागून भारदस्त आवाज दिला : पूर्वी मी भरलेला असायचो, माझ्या काठावर पोरं खेळायची, आता माझ्यात गाळ साचला, माणसा, जागा हो. झाला चित्रपट.

यात बिघडलं काय? विषय चांगला आहे, तळमळ खरी आहे. आता या चित्रपटाचा आवाज बंद करून बघा. पडद्यावर काय उरतं? डोळे मिचकावणारा एक तलाव. मग उलट करा : चित्र बंद, आवाज सुरू. काहीही हरवत नाही, सगळं कळतं. म्हणजे तो निबंध होता. चित्रांना त्यात काही कामच नव्हतं, ती निबंधाच्या शेजारी बसून होती. वस्तू जिवंत होते ती तिला तोंड दिल्याने होत नाही, ती काहीतरी करते किंवा तिच्यावर काहीतरी ओढवतं तेव्हा होते.

मराठी माणसाने हे फार आधी ओळखलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आदल्या वर्षी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची एकेक फ्रेम घेत राहिले. मिनिटभराची ती फिल्म. बी रुजतं, कोंब येतो, वेल चढते. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींनी त्यांना पैसे उसने दिले. शास्त्र बघितलं तर हे ॲनिमेशन नव्हे, वाटाणा खराच होता. पण एकेक फ्रेम घेऊन काळ आवळायचा, ही युक्ती तीच आहे. आणि कथाकल्पना म्हणून बघा : एक वस्तू, एक बदल, आणि तो बदल उघड्या डोळ्यांना एरवी दिसत नाही. नाडकर्णींना कोणी ‘मी वाटाणा बोलतोय’ ऐकवलं असतं तर त्यांनी पैसे दिले असते का, हा प्रश्न आम्हाला अधूनमधून पडतो.

आता जरा हिशोब करू. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमभर धरून ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, म्हणजे २,१६० चित्रं. एकट्या माणसाने रोज १५ चित्रं पुरी केली, एकही सुट्टी घेतली नाही, तरी १४४ दिवस. पोळा ते संक्रांत समजा जवळपास. हा आकडा आम्ही घाबरवायला सांगत नाही. कल्पना निवडताना तोच उपयोगी पडतो. जी गोष्ट मोबाइलवर एका दुपारी चित्रित होऊ शकते, तिच्यासाठी १४४ दिवस कोणी का घालवावेत? त्यामुळे ‘ही गोष्ट काढूनच का दाखवायची’ या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती कल्पना तिथेच बाजूला ठेवावी, कितीही लाडकी असली तरी.

या प्रश्नाचं उत्तर चांगलं दिलेली एक फिल्म आपल्याच राज्यातली आहे. गीतांजली राव यांची ‘प्रिंटेड रेनबो’, २००६ ची, कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात गौरवलेली. एक म्हातारी बाई, एक मांजर, मुंबईतलं घर, आणि बाईने जमवलेल्या आगपेट्या. ती एकेका आगपेटीवरच्या चित्रात शिरते. घरात रंग जवळपास नाहीत. चित्रात शिरलं की रंग. आगपेटी एक शब्द बोलत नाही. पण घर केवढं, आगपेटी केवढी आणि त्या बाईचं जग कुठे मोठं आहे, हे आकारमानानेच कळतं. खरीखुरी नटी घेऊन हे करता आलं नसतं असं नाही. पण ते ‘स्वप्न’ वाटलं असतं. इथे घर आणि आगपेटीवरचं चित्र दोन्ही हातानेच काढलेलं आहे, म्हणून दोन्हींचा खरेपणा सारखा आहे. सुरेश एरियत यांची ‘टोकरी’ ही बाहुल्यांची फिल्मही याच रांगेतली : बापाचं घड्याळ मुलीच्या हातून मोडतं आणि ती टोपल्या विकायला निघते. आपल्याकडचे बुरड कारागीर डोळ्यांसमोर आणा आणि विचार करा, आपल्या यादीतली टोपली आणि या गोष्टीतली टोपली यांत फरक कुठे पडला. या टोपलीवर कोणाचं तरी काहीतरी अवलंबून आहे.

इथवर बहुतेकांना पटतं. अडचण पुढे आहे, आणि त्यावर आम्हाला जरा सविस्तर बोलायचं आहे. चांगली कल्पना पाहिली की तिचा आकार उचलावासा वाटतो.

कुनिओ कातो या जपानी दिग्दर्शकाची २००८ ची एक बारा मिनिटांची फिल्म आहे, ‘ला मेझाँ आं पती क्यूब’, म्हणजे छोट्या ठोकळ्यांचं घर. तिला ऑस्कर मिळालं. पाणी वाढत चाललंय, एक म्हातारा एकटाच राहतो, पाणी घरात आलं की तो वर आणखी एक खोली बांधतो. एकदा त्याचा पाइप पाण्यात पडतो, तो काढायला तो बुडी मारतो, आणि एकेक मजला खाली जाताना एकेक जुना काळ भेटतो. संवाद नाहीत. फार सुंदर फिल्म आहे, आम्ही ती अनेकदा पाहिली आहे.

भंडाऱ्याच्या माणसाने ती पाहिली की त्याच्या डोक्यात काय येणार हे सांगायला नको. गोसीखुर्द. पवनी तालुक्यात वैनगंगेवर धरण, १९८८ मध्ये पायाभरणी, तेव्हाचा अंदाजित खर्च ३७२ कोटी, पुढे कितीतरी पटींनी वाढलेला, आणि बुडालेली गावं. मग कल्पना तयार : बुडालेल्या गावातला म्हातारा, पाण्यात बुडी, खाली घर, अंगण, तुळस, आठवणी. कोणीही ऐकल्यावर ‘वा’ म्हणेल.

आम्ही ‘वा’ म्हणत नाही. कातोच्या फिल्ममधलं पाणी कोणाचंच नाही. ते वाढतं, जसं वय वाढतं. म्हणून म्हाताऱ्याला फक्त आठवण उरते, राग उरत नाही, आणि फिल्मच्या दृष्टीने ते योग्यच आहे. गोसीखुर्दचं पाणी आपोआप वाढलेलं नाही. ते ठरवून वाढवलं गेलं. त्याच्या आधी मोजणी झाली, नोटिसा आल्या, मोबदल्याचे वाद झाले, पुनर्वसनाची गावठाणं आखली गेली. कातोचा आकार उचलला की हे सगळं गळून पडतं आणि विस्थापन हे वार्धक्यासारखं नैसर्गिक होऊन बसतं. प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो. ज्याचं घर गेलं त्याच्यावर हा दुसरा अन्याय आहे, आणि तो सरकारने केलेला नाही, आपण केलेला आहे, चांगल्या हेतूने आणि सुंदर रंगांत.

अशीच आणखी एक सोपी उपमा हाताशी असते : धानाचे पऱ्हे. एका बांधीत उगवायचे, उपटायचे, दुसरीकडे रोवायचे. माणसंही तशीच! दिसायला झकास, हिरवीगार. पण पऱ्हे रोवणी झाली की जोमाने वाढतात, त्यांची सोयच ती आहे. माणसांचं तसं होत नाही. उपमा वापरली की नकळत असं म्हणून बसतो की उपटलं ते बरंच झालं.

मग गोसीखुर्दवर ॲनिमेशन करूच नये का? करावं. पण विस्थापनाची स्वतःची कृती कोणती, ते आधी पाहावं. गाव सोडणारा माणूस बुडी मारत नाही, तो घर उकलतो. दारं, खिडक्या, कवेलू, लाकूड, जे नेता येईल ते नेतो. समजा, एका दारावर मोजणीवाल्याने रंगाने आकडा टाकलेला आहे. ते दार निघतं, बंडीवर चढतं, नव्या गावठाणात बसतं. आकडा अजून दारावर आहे. आता तो बाहेरच्या बाजूला ठेवायचा की आतल्या? घरातली बाई काय ठरवेल, म्हातारा काय ठरवेल? घासला तर जातो का? आठवणीचा एकही प्रसंग न दाखवता इथे तीन मिनिटांचं काम उभं राहतं, आणि पाणी कोणी आणलं हे त्या आकड्यामुळे विसरता येत नाही. ही कल्पना पक्की झाली असं आमचं म्हणणं नाही. पण ती इथली आहे, आणि तिच्यात कारण आणि परिणाम एकाच वस्तूवर आहेत.

भाषेबद्दल थोडं. आपण झाडीपट्टीची माणसं. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की दंडार, खडी गंमत, आणि मग रात्ररात्र चालणारी नाटकं. त्या रंगभूमीचं वैभव शब्दांत आहे, टाळ्या संवादाला पडतात. त्यामुळे आपली मुलं कथाकल्पना म्हणून संवादच लिहून आणतात, आणि गंमत म्हणजे ते संवाद पुण्याच्या मराठीत असतात! शक्य तेवढे संवाद काढा. पण जे दोन-चार उरतील ते झाडीबोलीत असू द्या. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीवर पुष्कळ काम केलेलं आहे, ते वाचा. या बोलीत ळ चा र होतो, तलावाची पाळ ‘पार’ होते. एका शब्दात प्रेक्षकाला कळतं आपण कुठे आहोत. नकाशा काढावा लागत नाही.

तलावाचा विषय निघालाच आहे तर ‘मी तलाव बोलतोय’कडे परत जाऊ, कारण तो विषय टाकून देण्यासारखा नाही. आपले मालगुजारी तलाव, मामा तलाव, कोहळी समाजाने बांधलेले. बऱ्याच जुन्या तलावांत पाणी सोडण्यासाठी तुडुम असतं : वरून खाली भोकं, प्रत्येकात खुंटा. पाणी भरलेलं असताना वरचा खुंटा काढायचा. पातळी उतरली की त्याखालचा. पाणी वाटणारा माणूस पाणकर. आता डोळे मिटून बघा. खुंट्यांचा क्रम म्हणजे दिवसांचा क्रम. प्रत्येक खुंट्यागणिक तलाव खाली जातो आणि कोणाची तरी बांधी भिजते. निवेदन नको, घड्याळ नको, तारीख नको. गोष्टीचा आकार दगडात बांधून ठेवलेला आहे.

आणि गोष्टीचा पेचही तिथेच आहे. शेवटच्या खुंट्यापाशी पाणी थोडं उरतं. ते सोडलं तर कोणाचं तरी वाळत चाललेलं धान वाचतं. ठेवलं तर धिवरांची मासळी वाचते. दोघंही एकाच गावचे, दोघांचंही बरोबर. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, मासळी आणि सिंचन यांचे कागद वेगवेगळे झाले; पण खुंटा एकच आहे. पाणकराचा हात त्या खुंट्यावर आहे. वर पारीवर दोन माणसं उभी आहेत, एकाच्या खांद्यावर फावडं, एकाच्या खांद्यावर जाळं. ती बोलत नाहीत.

हात खुंट्यावर किती वेळ धरायचा? सेकंदाला बारा चित्रं या हिशोबाने दहा सेकंद न हलणारा हात फार स्वस्त पडतो, आणि पूर्ण फिल्ममध्ये सर्वांत जड तोच असेल. पण त्यानंतर तो खुंटा निघतो की नाही, हे ठरवायला तुम्हाला धिवरांच्या मोहल्ल्यात आणि शेवटच्या बांधीच्या शेतकऱ्याकडे, दोन्हीकडे जाऊन बसावं लागेल. स्टोरीबोर्ड त्यानंतर.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या बाजूने कोणीतरी मघापासून हात वर केलाय.