एका मद्यकुलाची वंशावळ

घराण्याच्या धंद्याचा इतिहास सांगणाऱ्याला वारसाहक्काची वाट आयती मिळते. मालमत्ता कोणाकडून कोणाकडे गेली, एवढे सांगितले की कथा पुरी झाली असे त्यास वाटते. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या लिंचबर्गच्या जॅक डॅनियलची कथा अशीच सांगितली गेली. जॅक अविवाहित. १९०७ मध्ये त्याने व्हिस्कीची भट्टी भाच्याच्या, लेम मॉटलोच्या, हाती सोपविली. दारूबंदीत बंद पडून पुन्हा उभा राहिलेला हा धंदा मॉटलो कुटुंबाने १९५६ मध्ये ब्राउन-फोरमन कंपनीला विकला. आणि आरंभी? डॅन कॉल नामक लुथरन प्रवचनकाराने पोरवयातल्या जॅकला मद्य गाळण्याची विद्या दिली, असे दीर्घकाळ सांगण्यात येई.

वस्तुतः कॉलच्या भट्टीवर राबणारा, या विद्येतला खरा जाणकार नेथन ऊर्फ नियरेस्ट ग्रीन हा कृष्णवर्णीय गुलाम होता. १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर तो जॅकचा पहिला प्रमुख मद्यकार झाला. ताजे मद्य मेपलच्या कोळशाच्या थरांतून थेंबाथेंबाने गाळून मगच पिंपात भरावयाचे, ही या व्हिस्कीची खूण. असले कसब मृत्युपत्राने देता येत नाही. ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. श्रेय मात्र प्रवचनकाराच्या पदरी पडले, याचे आम्हां धर्मगुरूंना विशेष वाईट वाटते.

बेन ग्रीन (आडनावाच्या साम्याने वाचकांनी घोटाळू नये) यांच्या १९६७ च्या ‘जॅक डॅनियल्स लेगसी’ या चरित्रावर मात्र नाव दडविल्याचा आरोप आम्ही करणार नाही. नियरेस्ट व त्याचे पुत्र त्यात पुनःपुन्हा येतात. तेथे तो ‘अंकल नियरेस्ट’ आहे. मराठी वाचकाला ‘काका’ या शब्दात आपुलकी आणि मान दोन्ही जाणवतील. परंतु अमेरिकेच्या दक्षिणेत वयस्क कृष्णवर्णीयास ‘मिस्टर’ म्हणणे गोरे लोक टाळीत आणि त्याऐवजी ‘अंकल’ म्हणत. आमच्या मते चरित्राची उणीव या गोड शब्दात आहे. घरच्या जुन्या माणसाविषयीच्या ममतेने वाचक सुखावतो आणि तो गुरू होता हे विसरतो. म्हणूनच छापलेले नावही जवळजवळ अर्धशतक कोणाच्या डोळ्यांत भरले नाही. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही हकीकत मांडली, २०१७ मध्ये कंपनीने ग्रीनचे स्थान अधिकृतपणे मान्य केले. फॉन वीव्हर यांचे ‘लव्ह अँड व्हिस्की’ हे पुस्तक २०२४ चे.

भट्टीवरच्या मंडळींचे एक जुने छायाचित्र उपलब्ध आहे. पांढरी टोपी घातलेला, मिशाळ जॅक त्यात ओळखू येतो. त्याच्या लगतच उजव्या हाताला एक कृष्णवर्णीय पुरुष बसला आहे. तो नियरेस्टचा पुत्र जॉर्ज असावा, असे मानतात.