जलाशयाचा उपसा : 'माइनक्राफ्ट' या खेळाची एक भाषिक समीक्षा

'माइनक्राफ्ट' हा ठोकळे रचण्याचा संगणकीय खेळ स्टॉकहोम येथील मोजांग या संस्थेने २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. त्यातील सृष्टी एक मीटर बाजूच्या घनांची असून खेळणारा हे घन खणतो, उचलतो आणि रचतो. अशा खेळाची समीक्षा भाषाभ्यासाच्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, खेळ हा क्रियांचा मर्यादित संच असतो आणि त्यामुळे एका अर्थी तो क्रियापदांचा लहानसा कोशच होय. या कोशात कोणती क्रियापदे आहेत व कोणती नाहीत, हे पाहणे आपल्या कक्षेतील काम आहे. प्रस्तुत लेखात एकाच क्रियेचा विचार करावयाचा आहे : मोठा जलाशय रिकामा करणे.

हा विचार चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून करण्यास विशेष कारण आहे. जंगलाबरोबरच हा भाताचा आणि तलावांचा मुलूख आहे. मालगुजारांच्या ताब्यातील तलाव तत्कालीन मध्यप्रदेशाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्यानंतर सरकारकडे आले. 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे जुळून ते पुढे 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. पाळ, सांडवा, पाट, बोडी हे शब्द येथील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. जलाशय भरतो कसा व रिता होतो कसा, याचे ज्ञान अशा ठिकाणी भाषेतच साठलेले असते.

मराठीत जलाशय रिता होण्याला एकच एक क्रियापद नाही. पाणी आटते, ओसरते, झिरपते, निचरते. ते सोडले जाते, उपसले जाते. आणि पाळ फुटली तर वाहून जाते. प्रत्येक क्रियापद कारण, कर्ता व मार्ग यांविषयी काही निश्चित सांगते. 'आटणे' अकर्मक आहे. तेथे ऊन हेच कारण. 'निचरा' म्हटला की उतार आला. 'सोडणे' म्हटले की पुढे पाट आणि पाटाखालचे शेत आले. 'उपसणे' या क्रियापदात तर श्रम इतके मुरलेले आहेत की आपण कष्टही उपसतो.

'उपसणे' याची आणखी एक विशेषता लक्षात घेण्याजोगी आहे. 'विहिरीतले पाणी उपसले' आणि 'विहीर उपसली' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु त्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात पाणी हे कर्म असून विहिरीत अद्याप पाणी असू शकते. दुसऱ्यात जलाशयच कर्म होतो आणि क्रिया तडीस गेल्याचा बोध होतो : तळ दिसला, गाळ निघाला. पाण्यावरची क्रिया आणि जलाशयावरचा परिणाम यांतील हा भेद मराठी व्याकरणाने सहज राखला आहे.

आता खेळाकडे वळू. त्यात पाण्याचे ठोकळे दोन प्रकारचे असतात : मूळ ठोकळा आणि त्यापासून निघणारा वाहता ठोकळा. मूळ ठोकळ्याचे पाणी सपाटीवर सात घरे पसरते. परंतु त्यामुळे मूळ ठोकळा रतिभरही उणा होत नाही. शिवाय, खाली घन जमीन किंवा मूळ ठोकळा असेल आणि बाजूस दोन मूळ ठोकळे असतील, तर रिकाम्या घरात नवा मूळ ठोकळा आपोआप निर्माण होतो. परिणाम असा की, भरल्या तलावातून बादली भरून घेतली तरी ती जागा तत्काळ भरते. खेळातील ही बादली एक घनमीटर पाणी, म्हणजे एक हजार लिटर, उचलते. तरीही हजार बादल्यांनी तलावाची पातळी बोटभर उतरत नाही. वरील भेदाच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे पाणी कितीही उपसता येते, तलाव मात्र उपसला जात नाही.

म्हणून खेळणारे दुसरे उपाय योजतात. प्रथम वाळूच्या किंवा दगडाच्या भिंती घालून तलावाचे लहान लहान खण पाडतात. मग एकेका खणात वाळू ओतून पाणी नाहीसे करतात आणि वाळू पुन्हा खणून काढतात; किंवा स्पंज ठेवतात. २०१४ सालापासून हा स्पंज सात घरांच्या अंतरापर्यंतचे पाणी शोषतो. ओला स्पंज भट्टीत वाळवून पुन्हा वापरावा लागतो. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांच्यासाठी लेखी आज्ञेची सोय आहे. त्या आज्ञेचा पहिला शब्द 'फिल', म्हणजे 'भर', असा आहे आणि शेवटी 'हवा' हा पदार्थ सांगावयाचा असतो. सर्वसाधारण मर्यादेप्रमाणे एका आज्ञेत ३२,७६८ घरे बदलता येतात. तलाव रिकामा करण्यासाठी तो हवेने 'भरावा' लागतो, ही रचना मराठी कानाला विचित्र वाटते; परंतु खेळाचा सारा विचार तीत उघड होतो. तेथे रिकामेपण नाही. एका पदार्थाच्या जागी दुसरा पदार्थ ठेवणे एवढेच आहे.

खेळाला न्याय द्यावयाचा तर त्याचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. मोठा जलाशय एकदम हाताळता येत नाही, आधी बांध घालून तो विभागावा लागतो, हा धडा खरा आहे. नदीपात्रात पुलाचे खांब उभारणारे स्थापत्यकारही बांध घालून आतले पाणी उपसतात. श्रम, क्रम आणि धीर यांचे मोल खेळ चांगले शिकवतो.

त्याची उणीव अन्यत्र आहे. काढलेले पाणी गेले कोठे, हा प्रश्न या सृष्टीत उद्भवतच नाही. वाळू टाकली की पाणी नष्ट होते. खऱ्या तलावात गाळ साचला की पाण्याची जागा कमी होते आणि उरलेले पाणी सांडव्यावरून जाते. मामा तलावांची साठवण याच कारणाने घटली आहे. खेळात टेकडीवरच्या तलावाची पाळ फोडली, तर खाली धार लागते. पण तलाव भरलेलाच राहतो. मूळ ठोकळे आपोआप निर्माण होण्याचा नियम बंद करण्याची सोय २०२२ साली आली. तरीही फुटलेला तलाव रिता होत नाही. ज्या प्रदेशात पाळ फुटणे म्हणजे खालच्या बांध्या वाहून जाणे आणि वर्षाचे पाणी गमावणे, तेथील वाचकास ही उणीव किरकोळ वाटणार नाही. चंद्रपूरच्या उघड्या कोळसा खाणींतही पाणी उपसल्यावाचून काम चालत नाही. आणि तेथे उपसलेले पाणी कोणत्या नाल्यास मिळते, हा प्रश्न खालच्या गावांसाठी महत्त्वाचा असतो.

खेळाने वास्तवाची हुबेहूब नक्कल करावी, असा आग्रह येथे नाही. बुद्धिबळातला घोडा अडीच घरे चालतो म्हणून कोणी तक्रार करीत नाही. परंतु बुद्धिबळ घोड्याविषयी काही शिकवण्याचा दावा करीत नाही. 'माइनक्राफ्ट' मात्र वर्गातही वापरला जातो आणि त्याची स्वतंत्र शैक्षणिक आवृत्ती आहे. तेव्हा तलावांच्या जिल्ह्यांत तो वर्गात आणताना शिक्षकाने आटणे, निचरणे, सोडणे, उपसणे, फुटणे ही क्रियापदे फळ्यावर लिहावीत आणि यांपैकी खेळात काय करता येते, हे विद्यार्थ्यांनाच शोधावयास सांगावे. जी क्रियापदे उरतील, त्यांत पाण्याची वाट आणि त्या वाटेवरची माणसे आहेत. उद्या पाटबंधारे खात्यात, पंचायतीत किंवा खाणीच्या कचेरीत याच विद्यार्थ्यांना पाणी काढण्याचे निर्णय घ्यावयाचे आहेत. त्या वेळी 'पाणी काढून टाकले' एवढ्या एका वाक्यावर त्यांचे समाधान होऊ नये, यासाठी हा शब्दभेद जपणे अगत्याचे आहे.